८० लाखांची गाडी घेऊन शोफरसह भाड्याच्या धंद्यात उतरावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय की नाही ते कळेल. वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी, हाताशी २० लाख जमलेत आणि बँक ६० लाख द्यायला तयार आहे. ८० लाखांची मर्सिडीज ई-क्लास घ्यायची, ड्रायव्हर ठेवून मुंबईत भाड्याला लावायची, पंचतारांकित हॉटेलं आणि कंपन्या गाठायच्या, लग्नसराईत वरची कमाई करायची, आणि नोकरी चालूच ठेवायची. शेवटी विचारलंय की महिन्याला लाखभर सुटतील का, आणि पुढे लांबलचक लिमोझिन घेतली तर कसं.

मी १९९८ साली अंधेरीत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलो. २००४ला पहिली स्वतःची गाडी घेतली. आज १४ गाड्या आहेत: तीन भारी, दोन कॅम्री, बाकी इनोव्हा क्रिस्टा. खाली जे आकडे देतोय ते माझ्या वहीतले, मुंबईचे आहेत. गोव्यात किंवा नागपुरात भाडं वेगळं, सीझन वेगळा. तुमच्या कर्जाचा दर अर्धा-एक टक्का इकडेतिकडे झाला तरी हिशोब हलेल. तेवढं धरून वाचा.

गाडी कोणती घ्यायची, हे या धंद्यात सगळ्यात सोपं. पैसे भरले की शोरूम चावी देतं. ती गाडी महिन्यातले किती दिवस जागेवर उभी राहील, आणि बाहेर पडेल तेव्हा चाकामागे कोण बसलेलं असेल, हे अवघड आहे. तुमच्या प्रश्नात या दोन्हींबद्दल एक ओळही नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी काम कसं येतं ते बघा. पाहुणा हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कला गाडी सांगतो, किंवा कंपनीचा ॲडमिनवाला सांगतो. त्यांचा वर्षाचा करार कुठल्यातरी मोठ्या कार रेंटल कंपनीशी असतो. त्या कंपनीकडे स्वतःच्या गाड्या कमी पडल्या की ती माझ्यासारख्या मधल्या ऑपरेटरला ड्यूटी, म्हणजे एका भाड्याचं काम, देते. माझ्याकडेही कमी पडल्या की मी अटॅच गाडीवाल्याला, म्हणजे स्वतःची गाडी माझ्याकडे कामाला लावलेल्या माणसाला, फोन करतो. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं कापलं जातं. एक गाडी घेऊन येणारा नवा माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर उभा असतो. हॉटेल तुमच्याशी थेट करार करणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. उद्या तुमची गाडी सर्व्हिसिंगला गेली किंवा मागून कुणी ठोकली, तर सकाळी सहाच्या पाहुण्याला ते काय सांगणार? त्यांना बदली गाडी अर्ध्या तासात हवी असते, आणि ती एका गाडीवाल्याकडे नसते.

आता भाडं. आपल्याकडचं मूळ माप ८ तास आणि ८० किलोमीटर. त्यावर गेलं की जादा तास आणि जादा किलोमीटर वेगळे. मोजणी गॅरेज टू गॅरेज, म्हणजे गाडी गॅरेजमधून निघाली तेव्हापासून परत येईपर्यंत. ड्यूटी स्लिपवर चार वेळा लिहायच्या असतात: गॅरेजमधून निघाल्याची, रिपोर्टिंगची, पाहुण्याने सोडल्याची आणि परत पोचल्याची. खाली पाहुण्याची सही. ही सही राहिली की महिन्याच्या शेवटी बिल अडकतं, मग तुम्ही कितीही खरे असा. आता स्लिप मोबाइलवर आली, पण सहीचं महत्त्व तेच आहे.

गॅरेज टू गॅरेज म्हटलं तरी रिकामं अंतर सगळं पाहुण्याच्या माथी मारता येत नाही. बहुतेक करारांत त्यावर मर्यादा असते. म्हणून आमच्यातले बरेच जण मरोळ, साकीनाका, अंधेरी पूर्व या पट्ट्यात आहेत. विमानतळ जवळ, बीकेसी जवळ. पनवेलला पार्किंग स्वस्त मिळतं म्हणून गाडी तिकडे ठेवली आणि ड्यूटी नरिमन पॉइंटला लागली, तर अटल सेतूचे एका फेरीचे २५० रुपये आणि तासभराचं डिझेल तुमच्याच खिशातून जातं. २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाल्यापासून हे गणित थोडं बदलू लागलंय. मी स्वतः दोन क्रिस्टा तिकडच्या बाजूला ठेवून बघतोय. भारी गाडी अजून मरोळलाच आहे.

तुमच्या ई-क्लासचा हिशोब मांडू. ६० लाख कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता साधारण १,२७,५०० रुपये. भारी गाडीला साजेसा ड्रायव्हर, त्याचा ओव्हरटाइम आणि सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस धरून ३५,०००. व्यावसायिक विमा महिन्याला मोडला तर १८,०००. पार्किंग ६,०००. सर्व्हिसिंग आणि टायरसाठी बाजूला ठेवायचे २०,०००. परमिट, कर, धुलाई, पाण्याच्या बाटल्या, फोन असे ५,५००. झाले २,१२,००० रुपये. गाडी महिनाभर हलली नाही तरी यातले जवळजवळ सगळे जाणारच.

जमेची बाजू. मधल्या ऑपरेटरकडून तुम्हाला ८ तास ८० किलोमीटरचे ८,००० मिळाले असं धरू. सरासरी ड्यूटी ११ तास आणि १०० किलोमीटरची होते; जादा तासांचे २,१०० आणि जादा किलोमीटरचे १,४०० धरले तर ११,५००. रिकामं धावणं धरून इंधन १,२००. हातात १०,३००. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला महिन्याला २१ ड्यूट्या हव्यात. माझ्या ई-क्लासने गेल्या हिवाळ्यातल्या सगळ्यात चांगल्या महिन्यात १८ केल्या. जुलैत आठ. तेही मी २० वर्षं या बाजारात असताना, दोन कंपन्यांशी माझा थेट करार असताना.

मग मी ती गाडी का ठेवतो? कारण तिचं कर्ज फिटलंय, आणि ती नसेल तर त्या दोन कंपन्या माझ्या क्रिस्टाही घेणार नाहीत. त्यांचा परदेशातला साहेब वर्षातून सहा वेळा येतो, त्याला ई-क्लास लागते. बाकी वर्षभर त्यांचे मॅनेजर क्रिस्टात बसतात. माझी भारी गाडी क्रिस्टांना काम आणून देते. एकटी असती तर ती मला कधीच परवडली नसती.

आता तेच गणित क्रिस्टावर करा. २६ लाखांची गाडी, १० लाख स्वतःचे, १६ लाख कर्ज. हप्ता ३४,०००, विमा ७,०००, पार्किंग ३,०००, देखभाल ८,०००, किरकोळ ३,०००. एकूण ५५,०००. ड्रायव्हर ठेवला तर आणखी २५,०००, म्हणजे ८०,०००. त्याच सरासरी ड्यूटीला मधल्या ऑपरेटरकडून ४,००० मिळतात, इंधन जाऊन २,९०० उरतात. स्वतः चालवलीत तर १९ ड्यूट्यांत बरोबरी. ड्रायव्हर ठेवून २८. क्रिस्टाला २४-२५ ड्यूट्या सीझनमध्ये सहज मिळतात, कारण कंपन्यांचं रोजचं काम याच गाडीवर चालतं. म्हणजे एक क्रिस्टा स्वतः चालवणाऱ्याला महिन्याला १५ हजारांच्या आसपास वरकड उरते, आणि त्याला स्वतःचा पगार म्हणायचं. नोकरी सांभाळून, ड्रायव्हर ठेवून, एका गाडीवर लाखभर सुटतील का? नाही. ई-क्लासवरही नाही आणि क्रिस्टावरही नाही. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तुमचे २० लाख कसे जमले असतील ते मला ठाऊक आहे. मी तसेच जमवलेत.

आणखी एक खर्च हिशोबात दिसत नाही. पाच वर्षं भाड्याने चाललेली भारी गाडी विकायला काढली की माझ्या अनुभवात मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत येते. पिवळ्या पाटीची गाडी घरगुती गिऱ्हाईक घेत नाही. त्यात २०२५च्या सप्टेंबरात मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून जो भार होता तो ४० टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, आणि जुन्यांचे भाव एका रात्रीत उतरले. माझी एक गाडी तेव्हा विकायला उभी होती.

पाटीवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की "सुरुवातीला पांढऱ्या पाटीवर लग्नाची कामं करून बघतो". हे करू नका. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी हवीत. विजेवरच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. परमिटशिवाय भाड्याने चालवल्यास मोटार वाहन कायद्यात पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आहे आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण दंड बाजूला ठेवा. खाजगी विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. वरातीत कुणाला धक्का लागला, कुणाचा पाय गेला, तर विमा कंपनी हात वर करेल आणि भरपाई तुमच्या घरावर येईल. नवरदेवाच्या घरच्यांनाही हे माहीत नसतं. म्हणून मी लग्नाचं काम घेताना गाडीचा विमा त्यांना दाखवतो, त्यांनी विचारलं नाही तरी.

कागदांचं जास्त लिहीत नाही. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आता ऑनलाइन मिळतं. लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण २०१९पासून सक्तीचं आहे. फिटनेस प्रमाणपत्र पहिली दोन वर्षं नवीन गाडीबरोबरच येतं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. विम्यात इंजिनाचं जादा संरक्षण घ्याच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी गाडी कलिनाला सोडून चालत आलो होतो. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण अंधेरी सबवे दर पावसाळ्यात भरतो. इंजिनात पाणी गेलं आणि ते संरक्षण नसलं, तर त्या एका दुरुस्तीत तुमची वर्षाची कमाई जाते.

इथवरचं थोडक्यात: एक भारी गाडी एकटी टिकत नाही, मधली गाडी स्वतः चालवली तर पोट भरते, आणि पांढऱ्या पाटीचा विचारही करायचा नाही. आता जे सांगायचंय त्याच्यासाठीच मी लिहायला बसलो.

शोफर हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ भट्टी पेटती ठेवणारा. सुरुवातीच्या वाफेच्या गाड्यांना तसा माणूस लागायचा. आमच्याकडे तो शब्द फक्त रेट कार्डावर असतो. बोलताना सगळे ड्रायव्हरच म्हणतात, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण ड्रायव्हर भरती करताना मी काय बघतो ते सांगतो. स्टीलचा पेला काठोकाठ पाण्याने भरून मागच्या सीटपुढे खाली ठेवतो, आणि मरोळहून वांद्र्यापर्यंत चल म्हणतो. पेला किती सांडला ते बघत नाही, सांडल्यावर तो पुढचा सिग्नल कसा घेतो ते बघतो. ज्याला स्वतःलाच कळतं की ब्रेक उशिरा लागला, त्याला शिकवता येतं. जो म्हणतो "रस्ताच खराब आहे साहेब", त्याला मी चहा पाजून घरी पाठवतो.

बाकीचं शिकवायला तीन महिने लागतात. रिपोर्टिंगच्या १५ मिनिटं आधी पोचायचं आणि पाच मिनिटं आधी एसी लावायचा. विमान उशिरा आहे का ते स्वतः बघायचं, पाहुण्याच्या फोनची वाट बघायची नाही. नावाच्या पाटीवरचं स्पेलिंग ऑफिसकडून पक्कं करून घ्यायचं. गाडीत अत्तर किंवा उग्र वासाची डबी ठेवायची नाही. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला त्याने मळमळतं. पाहुणा फोनवर बोलत असला की आरशात बघायचं नाही. आणि जे कानावर पडलं ते गाडीतच राहिलं पाहिजे. माझ्या गाड्यांत लोकांनी कंपन्या विकल्यात, घटस्फोट ठरवलेत, आईच्या आजारपणाची बातमी ऐकून रडलेत. आमचा माणूस पुढे बसून फक्त रस्ता बघतो. हा विश्वास रेट कार्डावर लिहिता येत नाही, पण तोच विकला जातो.

असा माणूस तयार झाला की तो जायला नको. आणि तो कशामुळे जातो? पगारामुळे क्वचित. पाहुणा हॉटेलात तीन तास जेवत असतो तेव्हा आमचा माणूस कुठे असतो, हे बघा एकदा. कुठे ड्रायव्हरांसाठी खोली असते, पंखा असतो, चहा मिळतो. कुठे काहीच नसतं. मे महिन्यात एसी बंद करून गाडीत बसायचं, आणि लघवीला जायचं तर अर्धा किलोमीटर चालायचं. काही ठिकाणी ड्रायव्हरला इमारतीच्या शौचालयात जाऊ देत नाहीत. मी स्वतः ती वर्षं काढलीत, पाणी कमी प्यायचो. म्हणून आता करार करताना कंपनीच्या ॲडमिनला पहिला प्रश्न हाच विचारतो: आमचा माणूस कुठे बसेल? दोन ठिकाणी या प्रश्नामुळे काम गेलं. तीन ठिकाणी मात्र त्यांनी तळमजल्यावर जागा करून दिली, आणि ती आता सगळ्याच ड्रायव्हरांना मिळते.

दुसरं, झोप. हे माझ्यावरच बेतलेलं आहे म्हणून सविस्तर लिहितो. २०११चा पावसाळा होता. साताऱ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे होता, हात अत्यंत शांत. सकाळी सहाला निघालेला तो रात्री साडेअकराला परत आला. पहाटे चारला पुण्याचा एक ड्रॉप होता आणि त्या ड्यूटीचा ड्रायव्हर तापाने पडला. मी याला विचारलं, जाशील का. तो नाही म्हणाला नाही. मालकाला कोण नाही म्हणतं? एक्सप्रेसवेवर खालापूरच्या पुढे त्याचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. पाहुण्याच्या कपाळाला टाके पडले, याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. कुणी दगावलं नाही, एवढंच. चूक त्याची नव्हती. ड्यूटीच्या वहीत दोन्ही वेळा माझ्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये साडेचार तास होते.

त्यानंतर नियम केला: गॅरेजला परत आल्यापासून पुढच्या निघण्यापर्यंत दहा तास. भिंतीवर फळा आहे, त्यावर प्रत्येकाची परतीची वेळ लिहितात आणि ती ड्रायव्हरच लिहितो, मी नाही. १४ गाड्यांना माझ्याकडे १७ ड्रायव्हर आहेत. तीन जास्तीच्या पगारात आणखी एक गाडी आली असती, असं मला बरेच जण सांगतात. १९६१च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यानेच दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती. आमच्या धंद्यात ती कितपत पाळली गेली ते रात्री बारानंतर विमानतळाच्या पार्किंगमध्ये जाऊन सीट मागे टाकून झोपलेली माणसं मोजली की कळतं. तुम्ही पुण्यात ऑफिसात बसलेले असताना तुमची गाडी ऑपरेटरकडे अटॅच असेल. तो तुमच्या ड्रायव्हरला सलग दोन ड्यूट्या देईल, आणि तुम्हाला महिन्याच्या शेवटी जादा तासांचे पैसे दिसतील, आनंदही होईल. नोकरी सांभाळून हा धंदा करू नका असं मी म्हणतो त्याचं मोठं कारण हे आहे.

सुट्ट्यांचं नियोजनही इथेच येतं. माझे सात ड्रायव्हर कोकणातले. गणपतीला आणि शिमग्याला ते गावी जाणारच. पालखी नाचवायला माणूस नसेल तर त्या नोकरीचा उपयोग काय, असं ते सरळ म्हणतात, आणि मला पटतं. साताऱ्या-सांगलीकडच्यांच्या जत्रा चैत्र-वैशाखात. बिहारचे दोघे छठला. मी भरती करतानाच गावं मिसळून घेतो, म्हणजे एका वेळी सगळं गॅरेज रिकामं होत नाही. तुमचा एकच ड्रायव्हर असेल तर तो ज्या दिवशी गावी गेला त्या दिवसापासून तुमची ८० लाखांची गाडी उभी.

पैसे. कंपन्या ४५ दिवस म्हणतात, ६० ते ९० दिवसांनी देतात. इंधन आज भरायचं, पगार सातला, हप्ता पाचला. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचा पूर्ण खर्च हातात ठेवूनच सुरुवात करायची; तुमच्या ई-क्लासला ते सहा लाख होतात आणि ते तुमच्या हिशोबात नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्याच आठवड्यात करा. २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि एप्रिल २०२४पासून ही मुदत चुकवणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे दिल्याशिवाय उत्पन्नकरात वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मार्चअखेर त्यांचा अकाउंट्सवाला स्वतः फोन करतो. हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय. एका इव्हेंटवाल्याने माझे पैसे १४ महिने अडकवले होते, तेव्हा ही नोंदणी माझ्याकडे नव्हती.

जीएसटीत दोन वाटा आहेत: ५ टक्के, ज्यात गाडी खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, किंवा १८ टक्के, ज्यात मिळते. दुसरी वाट सप्टेंबर २०२५पर्यंत १२ टक्क्यांची होती. तुमची एकट्याची मालकी असेल आणि गिऱ्हाईक कंपनी असेल, तर ५ टक्क्यांच्या वाटेत कर तुम्ही न भरता ती कंपनीच रिव्हर्स चार्जने भरते. ४० टक्के जीएसटी भरून गाडी घेतलीत की दुसरी वाट मोहात पाडते, पण हॉटेलच्या पाहुण्याला बिलावर १८ टक्के दिसतात. सीएकडे गाडी घेण्याआधी जा. नंतर गेलात तर तो फक्त झालेलं लिहून देईल.

लांब लिमोझिनचं विचारलंत. त्या बहुतेक अमेरिकेत मूळ गाडी कापून लांब केलेल्या, स्टिअरिंग डाव्या बाजूला. आपल्या कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, त्यामुळे इथे गाडी कापून घेणं हा मार्गच नाही. आणि ती गाडी दक्षिण मुंबईतल्या जुन्या हॉटेलांच्या पोर्चमध्ये वळवणार कशी? मुंबईत लिमोझिन म्हणजे मागे पाय पसरायला जागा असलेली सेडान. चाकणला बनणारी ई-क्लास आपल्याकडे लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, मिळते ती याचसाठी, मालक मागे बसतो. लग्नासाठी लोक आता टोयोटाची मोठी व्हेलफायर मागतात, कारण नवरी शालू सावरून सहज उतरू शकते.

तुमच्या जागी मी असतो तर २० लाखांतले १० बाजूला ठेवले असते, आणि कर्ज काढण्याआधी नोकरीतून दोन महिने सुट्टी किंवा शनिवार-रविवार काढून एखाद्या ऑपरेटरच्या ऑफिसात बसलो असतो. ड्यूटी लावायला. रात्री दोनला ड्रायव्हरचा फोन येतो की टी-टूला, म्हणजे विमानतळाच्या टर्मिनल दोनला, पाहुणा सापडत नाही, तेव्हा आपल्याला राग येतो की आपण नकाशा उघडतो, हे तिथे कळतं. त्यानंतरही उतरावंसं वाटलं तर क्रिस्टा घ्या आणि पहिलं वर्ष स्वतः चालवा. नोकरी सोडायची नसेल तर सरळ सांगतो, हे पैसे दुसरीकडे लावा.

ऑफिसात बसायचं असेल तर पावसाळा संपल्यावर या, ऑक्टोबरमध्ये. इथेच निरोप टाका, पत्ता कळवतो. दुपारी चारनंतर मी फळ्यासमोर असतो, दुसऱ्या दिवशीच्या ड्यूट्या लावत.